८ ओहमचे स्पीकर, ६ ओहमचे स्पीकर आणि रिसीव्हर एकच : जोडायचे कसे?

रियाजघर

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एका प्रश्नानं डोकं उठवलंय. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा हॉल आणि बेडरूम, दोन्हीकडे भिंतीतून स्पीकरच्या वायरी टाकून घेतल्या. हॉलमध्ये बाबांचे जुने मोठे बॉक्स आहेत, मागच्या पट्टीवर ८ ओहम लिहिलंय. बाबा गेल्यापासून ते चादरीत गुंडाळून माळ्यावर होते. बेडरूमसाठी छोटे नवे घेतले, त्यांवर ६ ओहम. रिसीव्हरही नवा, स्टिरिओ, आतच अँप (अँप्लिफायर), मागे ए आणि बी अशा दोन जोड्यांची सोय.

अडचण अशी. दोन्ही जोड्या चालू ठेवून आवाज जरा वर नेला, द्रुत बंदिश रंगात आली आणि तबलजीनं डग्ग्यावर घुमारा काढला, की रिसीव्हरच्या पोटात 'टक्' होतं, समोरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि सगळं गप्प. पाच मिनिटं बंद ठेवून परत लावला की पुन्हा चालतो.

एक दुकानदार म्हणाला, "६ ओहमचा बॉक्स ८ ला मॅच होत नाही, अँप जळेल." दुसरा म्हणाला, "मागचा इम्पीडन्सचा स्विच ४ वर करा, काही होत नाही." त्यात मी बाबांच्या बॉक्सला मल्टिमीटर लावून पाहिला तर ८ च्या जागी ६.१ दाखवतो. बॉक्स बिघडलेत का? तेवढं आधी सांगा कुणीतरी. बाबांचे बॉक्स मला बदलायचे नाहीत.

ता. क. बेडरूममध्ये आई झोपते. तिची तक्रार वेगळीच, तिच्याकडचा एक बॉक्स म्हणे बंदच होत नाही. हॉलचा आवाज भिंतीतून जात असणार.

झटपट

रिसीव्हरच्या मागच्या पत्र्यावर, टर्मिनलपाशी बारीक अक्षरात काय छापलंय ते जसंच्या तसं इथे लिहा.

रियाजघर

"ए किंवा बी : ४ ते १६ ओहम. ए + बी : ८ ते १६ ओहम."

झटपट

मग सरळ आहे. एकच जोडी लावणार असाल तर ४ पर्यंत चालतं. दोन्ही एकदम हव्या असतील तर प्रत्येक जोडी ८ ची पाहिजे. तुमची एक ६ ची आहे.

पैठणी

मॅचिंग हा शब्द मी आजवर ब्लाउजपीसच्या दुकानातच ऐकला होता. :) वाचतेय. आमच्याकडेही नवऱ्याचे दोन बॉक्स असेच धूळ खात पडलेत.

ओहमकार

रियाजघर, आधी जीव भांड्यात पडू द्या. बाबांचे बॉक्स ठणठणीत आहेत.

मल्टिमीटर मोजतो तो तांब्याच्या कॉईलचा डीसी रोध. ८ ओहमच्या स्पीकरचा तो साधारण साडेपाच ते सात येतो, ४ ओहमच्याचा तीन-साडेतीन. पट्टीवर लिहिलेला आकडा इम्पीडन्सचा असतो, म्हणजे गाणं चालू असताना अँपला जाणवणारा अडथळा, आणि तो प्रत्येक सुराला वेगळा असतो. वूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) स्वतःचा जो नैसर्गिक स्वर असतो तिथे तोच स्पीकर तीस-चाळीस ओहमवर चढतो, मग खाली येतो, ट्विटरच्या (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) भागात पुन्हा हलतो. त्या सगळ्या चढउताराला मिळून एक आकडा द्यायचा म्हणून ८. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो कुठेही जाता कामा नये. म्हणजे ८ वाला ६.४ च्या खाली नाही, ६ वाला ४.८ च्या खाली नाही.

आता जोडणी. रिसीव्हरवर ए आणि बी दोन्ही दाबलं की बहुतेक यंत्रांत दोन्ही जोड्या पॅरलल, म्हणजे एकाच टोकांवर शेजारीशेजारी, लागतात. गुणाकार भागिले बेरीज. ८ आणि ६ : ४८ भागिले १४, म्हणजे ३.४३ ओहम. पत्र्यावर 'ए + बी ८ ते १६' लिहिलंय त्याचा अर्थ हाच की दोन ८ मिळून ४ होतात, त्याखाली आमची जबाबदारी नाही. तुम्ही त्याच्या खाली गेलात.

खाली गेल्यावर काय होतं ते पाहा. धरा, एका क्षणी अँप २० व्होल्ट देतोय. ८ ओहमला अडीच अँपिअर जातात, ५० वॅट. त्याच २० व्होल्टला ३.४३ ओहमला जवळजवळ ५.८ अँपिअर, ११७ वॅट. आवाजाची कळ जागची हललेली नाही, पण आऊटपुट ट्रान्झिस्टरमधून दुपटीहून जास्त करंट गेला. डग्ग्याचा घुमारा हा खालचा, भरीव आवाज, सगळ्यात जास्त ताकद तिथेच लागते. त्या क्षणी संरक्षणाचा रिले (आपोआप तुटणारा स्विच) सुटतो, तोच तुमचा 'टक्'. तो सुटतोय म्हणून अँप अजून जिवंत आहे.

आणि पैठणीताई, तुम्ही मॅचिंगचा विषय काढलात ते बरं झालं, कारण सगळा घोळ या शब्दानं घातलाय. व्हॉल्व्हच्या (जुन्या, काचेच्या नळ्यांच्या) अँपमध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला ४, ८, १६ असे वेगळे टॅप (जोडायच्या जागा) असतात आणि स्पीकर ज्या आकड्याचा त्या टॅपलाच लावायचा. तिथे मॅचिंग खरोखरचं आहे. स्पीकर न लावता व्हॉल्व्ह अँप जोरात चालवला तर ट्रान्सफॉर्मरच जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरचा स्वतःचा आऊटपुट इम्पीडन्स मात्र ०.१ ओहमच्याही खाली असतो. त्याला काय मॅच करणार? तिथे नियम एकच, भार ठरलेल्या आकड्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. वर कितीही गेला तरी चालतो, फक्त वॅट कमी मिळतात. त्यामुळे "६ चा बॉक्स ८ ला चालत नाही" हे पहिल्या दुकानदाराचं म्हणणं चुकीचं आहे. तुमच्या रिसीव्हरला एकटा ६ चा जोड अगदी व्यवस्थित चालेल.

झटपट

ओहमकार सर, आज आयडी सार्थकी लागला.

जुनीतबकडी

'वर गेला तरी चालतो' याला अनुमोदन. बीबीसीचा तो प्रसिद्ध छोटा मॉनिटर, एलएस३/५ए, आधी १५ ओहमचा होता, १९८७ च्या सुमाराला ११ चा झाला. जगभर लोक तो साध्या ट्रान्झिस्टर अँपवर ऐकतात. २० व्होल्टला १५ ओहमवर २७ वॅटसुद्धा मिळत नाहीत, इतकंच. घरात ऐकायला तेवढे पुरून उरतात. साध्या गप्पांच्या वर जाणार नाही अशा आवाजात स्पीकर एक वॅटही खात नसतो.

अँपवेडा

मग स्विच ४ वर करा ना. कंपनीनं त्यासाठीच दिलाय. मी माझा पहिल्या दिवसापासून खालच्या आकड्यावर ठेवलाय, चार वर्षं झाली, हात लावला तर कोमट लागतो.

न्यूजर्सीचा नाना

अँपवेडा, याच्याशी मी सहमत नाही. तो स्विच बहुतेक रिसीव्हरमध्ये आतला पुरवठ्याचा व्होल्टेज उतरवतो, ट्रान्सफॉर्मरचा खालचा टॅप घेऊन. त्यानं अँप जास्त करंट द्यायला लागत नाही. त्याची झेपच कमी होते. मोठ्या आवाजात सूर लवकर फाटतो, आणि फाटलेला सूर ट्विटरला मारतो.

हे स्विच आले कुठून तेही सांगतो. १९७४ साली इथं अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं (व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) नियम केला की अँपचे वॅट जाहिरातीत छापायचे असतील तर आधी तो अँप तासभर एक तृतीयांश ताकदीवर तापवायचा आणि मग मोजायचा. त्या काळात कंपन्या वाटेल ते आकडे छापत होत्या, त्याला लगाम बसला. पण क्लास बी पद्धतीचा अँप सगळ्यात जास्त तापतो तो पूर्ण ताकदीला नाही, ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ही परीक्षा नेमकी त्याच्या वर्मावर घेतलेली. ४ ओहमवर ती पास व्हायची तर मोठं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हवं, पैसा हवा. २००० साली तो तृतीयांश एक अष्टमांशावर आणला. पण कमी ओहमवर यंत्र तापता कामा नये ही अट वेगवेगळ्या सुरक्षा चाचण्यांत राहिलीच, आणि स्विच हा त्यातला स्वस्त मार्ग.

माझं मत : स्विच ८ वर ठेवा, जोड्या एका वेळी एकच लावा.

अँपवेडा

नाना, झेप कमी होते हे मान्य. पण कोमट राहतो हेही खरंच आहे की. माझ्या घरी कुणी भिंती हादरवत नाही. मला यंत्र दहा वर्षं टिकायला हवंय.

ओहमकार

दोघांचंही बरोबर आहे, दोघं वेगळ्या गोष्टी सांगताय. ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होते ती पुरवठ्याचा व्होल्टेज वजा स्पीकरला दिलेला व्होल्टेज, गुणिले करंट. पुरवठाच उतरवला तर हळू ऐकताना उष्णता कमी होणार, अँपवेडांचा कोमट हात खोटा नाही. पण रियाजघर जोरात ऐकतात, आणि त्यांचा रिले सुटतोय तो जास्त करंटमुळे. त्यांना स्विचचा उपयोग थोडा, तोटा जास्त. ३.४३ चे ४ काही स्विचनं होणार नाहीत.

कर्णेवाला मिरज

राम राम. आमचा मंडपाचा धंदा, स्पीकर-माईक भाड्यानं देतो. आमच्याकडं एवढी कटकट नाही. आमची १०० व्होल्टची लाईन असती. प्रत्येक कर्ण्याच्या बुडाला छोटा ट्रान्सफॉर्मर, त्यावर टॅप : ५ वॅट, १० वॅट, १५ वॅट. ओहम कुणी मोजत नाही, वॅटची बेरीज करायची. १५ वॅटचे दहा कर्णे म्हणजे १५०, अँप २५० चा असला की निवांत. सगळे पॅरलल, अर्धा किलोमीटर लांब लाईन टाकली तरी बारीक वायरीवर चालतंय.

पण एक पोरगं नवीन होतं, त्यानं गडबडीत कर्ण्याचा ट्रान्सफॉर्मर सोडून युनिट डायरेक्ट लाईनला लावलं. १०० व्होल्टच्या लाईनीत १६ ओहमचं युनिट! आरतीच्या पहिल्याच ओळीला कॉईल उडाली, पडदा काळा पडला, वास सगळ्या मांडवात. त्या दिवसापासून मी स्वतः प्रत्येक जोड हातानं ओढून बघितल्याशिवाय अँप चालू करू देत नाही.

तर दादा, तुमची जोडणी कुणी केली? घरच्या वायरमननं का स्पीकरवाल्यानं?

रियाजघर

फ्लॅटचं इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्यांनीच केली, कर्णेवाले दादा. माणूस भला, काम स्वच्छ. एक स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वायर टाकलीय, लाल-काळी. हॉलपर्यंत आठेक मीटर असेल.

ओहमकार

आठ मीटर म्हणजे जाऊन-येऊन सोळा. एक स्क्वेअरच्या तांब्याचा रोध मीटरला ०.०१७, एकूण ०.२८ ओहम. ८ च्या स्पीकरला पाच टक्क्यांच्या आत बसतंय, चालेल. पुन्हा कधी भिंत फोडाल तेव्हा अडीचची टाका.

सतारीची तार

दोन्ही जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावल्या तर? ८ + ६ = १४, अँप खूश. किंवा मध्ये तो सिमेंटचा पांढरा रेझिस्टर, ४ ओहम २० वॅट. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला तसंच करायचे.

जुनीतबकडी

नका करू. दोन वेगवेगळ्या जातीचे बॉक्स सिरीजमध्ये लावले की व्होल्टेज त्यांच्यात प्रत्येक सुराला वेगळा वाटला जातो. एकाचा इम्पीडन्स चढला की दुसऱ्याचा आवाज बसतो. षड्ज भरदार आणि पंचम पोकळ असं काहीतरी ऐकू येतं. रेझिस्टरचंही तेच, शिवाय बरीच ताकद तो उष्णतेत घालवतो आणि वूफरवरची अँपची पकड सैल होते. सभागृहात चालून जातं. घरी, दोन हातांवर बसून किशोरीताईंची मींड ऐकायची असेल तर कानाला बोचतं.

पीएमपीओग्रस्त

अवांतर : नव्वदच्या दशकात आमच्या घरी आलेल्या म्युझिक सिस्टिमच्या खोक्यावर हजारांत पीएमपीओ वॅट (जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा) लिहिले होते. मी चौथीत होतो. गल्लीतल्या पोरांना खोका दाखवायला घेऊन गेलो होतो. मागच्या पट्टीवर विजेचा खप ६० वॅट लिहिला होता हे लक्षात यायला दहावीचं विज्ञान लागलं. आता कुठलंही यंत्र घेताना आधी पाठ बघतो, मग तोंड.

न्यूजर्सीचा नाना

ही पाठ बघायची सवय उत्तम. आणि वॅट बघताना शेजारी काय लिहिलंय तेही बघा : किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनला, एक चॅनल चालवून की दोन्ही. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के, एक चॅनल' असं असेल तर ८ ओहमवर दोन्ही चॅनल चालवून खरा आकडा बराच खाली येतो.

बॉक्सची सेन्सिटिव्हिटीही (ठरावीक व्होल्टला तो किती आवाज देतो) अशीच. २.८३ व्होल्टला मोजतात. ८ ओहमला तो बरोबर १ वॅट होतो, ४ ओहमला २ वॅट. म्हणजे ४ वाल्याला कागदावर ३ डेसिबल फुकट मिळतात, अँपनं मात्र दुप्पट द्यायचं.

रियाजघर

मंडळी, परत आलो. सगळ्यांचं वाचून बी बंद केलं, फक्त ए लावलं, स्विच ८ वरच. रविवारी दुपारी बसलो. पाऊण तास काही नाही. मग आवाज नेहमीच्या जागी नेला आणि पुन्हा 'टक्'. पहिल्यापेक्षा उशिरा, पण झालंच. एकटे ८ चे बॉक्स, ४ पर्यंत चालणारा रिसीव्हर. आता हिशोब कुठे चुकतोय? मला तर बाबांच्या बॉक्सचीच धास्ती वाटायला लागलीय.

झटपट

टर्मिनलपाशी तारेचा एखादा केस सुटून शेजारच्याला टेकलाय का बघा. मोबाइलचा दिवा लावून.

अँपवेडा

रिसीव्हर टीव्हीच्या बंद कपाटात आहे का? वर चार बोटं तरी जागा हवी.

रियाजघर

दोन्ही पाहिलं. टर्मिनल स्वच्छ, केळ्याच्या पिना (बनाना प्लग) लावल्यात. रिसीव्हर उघड्या फळीवर, वर फूटभर मोकळं.

पैठणी

मला यातलं काही कळत नाही, पण पहिल्या पोस्टमधलं आईंचं वाक्य कुणीच धरलं नाही. त्या म्हणतात *एक* बॉक्स बंद होत नाही. भिंतीतून आवाज आला असता तर "गाणं ऐकू येतं" म्हणाल्या असत्या. एक म्हणतायत म्हणजे त्यांनी कान लावून बघितलंय.

कर्णेवाला मिरज

ताई, बरोबर पकडलंत!! दादा, घरचा वायरमन पेटीत काय करतो? लालला लाल, काळ्याला काळी. घरच्या वायरिंगला बरोबर आहे ते. स्पीकरला नाही.

ओहमकार

पैठणीताई, माझ्या नजरेतून ते पूर्ण निसटलं. रियाजघर, असं करा. रिसीव्हर बंद, प्लग काढा. मागच्या चारही वायरी सोडवा. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून काय दाखवतं ते लिहून घ्या, ते नंतर वजा करायचं. मग ए डावी, ए उजवी, बी डावी, बी उजवी, प्रत्येक जोडी वायरीच्या या टोकाला मोजा आणि चारही आकडे इथे टाका.

रियाजघर

मीटरची स्वतःची ०.२ वजा करून :

ए डावी ६.४
ए उजवी ३.०
बी डावी ५.०
बी उजवी ३.१

उजवीकडच्या दोन्ही ३!

ओहमकार

सापडलं. बाबांचा ६.१ आणि आईंच्या खोलीतला, ज्याचा डीसी रोध साडेचारच्या आसपास असणार, हे दोन्ही वाटेत कुठेतरी एकमेकांना जोडलेत. ए लावा नाहीतर बी, उजव्या चॅनलवर कायम दोन्ही बॉक्स. म्हणजे तुम्ही फक्त ए लावलं तेव्हाही उजव्या बाजूला ३.४३ चाच भार होता. डावी बाजू मोकळी होती म्हणून रिसीव्हरनं पाऊण तास काढला. हॉलच्या उजव्या बॉक्समागची भिंतीतली पेटी उघडा.

रियाजघर

उघडली. हॉलच्या उजव्या बॉक्समागे झाकण आहे, चार स्क्रू. आत प्लास्टिकची पांढरी कनेक्टरची पट्टी, तिच्या एका घरात तीन लाल तारा पिळून घातलेल्या, दुसऱ्यात तीन काळ्या. बेडरूमची उजवी लाईन त्याच पाईपमधून पुढे गेलीय. डावीकडे पाईपच वेगळे, म्हणून ती वाचली. इतक्या नीट पिळलेल्या होत्या की सोडवताना वाईट वाटलं. त्या माणसानं त्याच्या परीनं उत्तम कामच केलं होतं, मीच त्याला सांगितलं नव्हतं.

बुधवार पेठेत जाऊन नवी पट्टी आणली, चार घरांची. दोन लाईनी वेगळ्या केल्या. पुन्हा मोजलं : ए उजवी ६.४, डावीच्या बरोबरीनं. मग फक्त ए लावलं आणि आवाज नेहमीपेक्षाही थोडा वर. द्रुत आली, डग्गा घुमला, मी रिसीव्हरकडे बघत उभा. काही नाही. तीन तास वाजला, वरून हात लावला तर कोमट. बाबांच्या बॉक्समधून असा खर्ज मी शाळेत असताना ऐकला होता. आई बेडरूममधून म्हणाली, "आत्ता बंद झाला बघ माझ्याकडचा."

पैठणीताई, तुमचे आभार कसे मानू. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

पैठणी

आईंना नमस्कार सांगा. आणि आता आमच्याकडच्या त्या धूळ खाणाऱ्या बॉक्सवर ४ ओहम लिहिलंय, त्यांचं काय करू ते सांगा.

झटपट

तुमच्या अँपची पाठ बघा, ताई.

न्यूजर्सीचा नाना

रियाजघर, दोन्ही खोल्या एकदम हव्या असतील तर बेडरूमला वेगळा छोटा अँप घ्या. हल्ली क्लास डीचे तळहाताएवढे येतात. फक्त त्यातल्या बऱ्याच अँपमध्ये काळं टर्मिनल अर्थ नसतं, तेही आऊटपुटच असतं. दोन चॅनलच्या काळ्या तारा एकत्र केल्या की अँप गेला. तुमच्या पेटीतल्यासारखी जोडणी त्याला एक सेकंदही सहन होणार नाही.

रियाजघर

नोंद केली नाना. सध्या एका वेळी एकच जोडी. सकाळी आईला तिच्या खोलीत अभंग हवे असतात तेव्हा बी, संध्याकाळी मी बसतो तेव्हा ए.

कर्णेवाला मिरज

पेटीतल्या तारांवर कागदाची चिकटपट्टी लावून नावं लिहा दादा. हॉल, बेडरूम. उद्या दुसरा कुणी वायरमन उघडंल तेव्हा त्याला कळायला पाहिजे.

रियाजघर

लिहिली. झाकणाच्या आतल्या बाजूलाही लिहिलं : "स्पीकर लाईन. लाल-लाल जोडू नये."